किलोमीटरमागे पैसे, पण फेरी झाली की नाही हे कोण बघतं?

सत्तरीची_मीना

नमस्कार मंडळी,

विषय कोरडा वाटेल, पण बसनं रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे, म्हणून धागा काढते आहे.

आमच्या बाजूला संध्याकाळची शेवटची फेरी कधी येते, कधी येत नाही. बस कोणाची, मालक कोण, हे इथं लिहीत नाही, कारण माझ्या हातात पुरावा नाही. मुलं कॉलेजातून येतात, बायका पणजीहून कामावरून सुटून येतात आणि तिठ्यावर थांबून राहतात. शेवटी ओळखीच्या कोणाच्या तरी स्कूटरवर बसून घर गाठायचं. ज्यांना ओळखीचं कोणी भेटत नाही, त्यांचे हाल वेगळेच.

अलीकडे कळलं की आता बरीच बस वाहतूक किलोमीटरच्या दरानं चालते. गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या 'म्हजी बस' योजनेत खाजगी बसेस महामंडळाच्या छत्राखाली धावतात आणि मालकाला धावलेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. इलेक्ट्रिक बसेसचे करारही देशभर बहुतेक याच पद्धतीचे असतात. योजना चांगली आहे असंच माझं मत आहे. प्रवाशांसाठी थांबून राहणं, दोन बसनी शर्यत लावणं हे त्यामुळे कमी व्हायला हवं.

पण मग माझा प्रश्न असा: न झालेली फेरी कागदावर झाली असेल तर ते पकडणं कोणाचं काम? महामंडळाचं, वाहतूक खात्याचं, दक्षता खात्याचं, लोकायुक्तांचं की कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं? आणि आपल्यासारख्यानं नेमकं कुठलं दार ठोठवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

म्हापशेकर

नव्या बसला जीपीएस असतं. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसानं स्क्रीनवर बघितलं की झालं. एवढ्यासाठी कॅग कशाला?

---

पर्वरीचे_काका

मीनाताई, प्रश्न मुद्देसूद विचारलात. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या कागदांत गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पाच नावं घेतलीत. त्या पाचांची कामं वेगवेगळी आहेत आणि आपल्याकडे लोक ती एकत्र करून टाकतात.

पहिली पायरी संस्थेच्या आतली. कदंब परिवहन महामंडळ १९८० मध्ये सरकारी कंपनी म्हणून सुरू झालं. बिल मंजूर करणाऱ्यानं वेळापत्रक, वे-बिल (कंडक्टरचा फेरीचा हिशेब), जीपीएसचा अहवाल आणि तिकीट मशीनचा डेटा ताडून बघायचा आणि जी फेरी नाही तिचे पैसे कापायचे. हे रोजचं काम. ते नीट झालं तर वर जायची गरजच पडत नाही.

दुसरी पायरी लेखापरीक्षणाची. सरकारी कंपनीचा ऑडिटर कंपनी स्वतः निवडत नाही, तो कॅग नेमतं. त्याचा अहवाल आल्यावर कॅगला पुरवणी लेखापरीक्षण करता येतं. कंपनी कायदा २०१३ मध्ये कलम १३९(५) आणि १४३(६) वाचा. याशिवाय एखादा विषय धरून कामगिरीचं लेखापरीक्षणही होतं. करार कसा झाला, दर कसा ठरला, पैसे कशाचे गेले, हे सगळं त्यात येतं.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑडिट नमुन्यावर चालतं. ऑडिट करणाऱ्यांची पार्टी येते, काही महिने आणि काही फाइली निवडते. तुमच्या गावची फेरी त्या नमुन्यात येईलच असं नाही. दुसरं, कॅग गुन्हा नोंदवत नाही. आधी हाफ मार्जिन (शंकेची पहिली चिठ्ठी) निघतं, खात्याचं उत्तर येतं, मग इन्स्पेक्शन रिपोर्ट, मग ड्राफ्ट पॅरा, म्हणजे अहवालासाठीचा कच्चा परिच्छेद. खात्यानं समाधानकारक खुलासा केला की पॅरा ड्रॉप होतो. जे टिकतं ते अहवालात छापलं जातं, संविधानाच्या कलम १५१ नुसार राज्यपालांकडे जातं आणि विधानसभेत मांडलं जातं. महामंडळांचे पॅरे सार्वजनिक उपक्रम समितीपुढे जातात, खात्यांचे लोकलेखा समितीपुढे.

तिसरी पायरी गुन्ह्याची. कोणी पैसे खाऊन खोटं बिल मंजूर केलं असा संशय असेल तर दक्षता संचालनालय आणि त्याची लाचलुचपत प्रतिबंधक शाखा.

म्हापशेकर, स्क्रीनवर बघणारा माणूस आणि बिलावर सही करणारा माणूस एकाच साहेबाच्या हाताखाली असतात. म्हणूनच बाहेरचा तपासनीस लागतो.

---

फोंड्याचो_राजेश

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे सगळं पुस्तकात शोभतं.

गोव्यात लोकायुक्त कायदा २०११ चा. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी २०१३ मध्ये आले आणि त्याच वर्षी राजीनामा देऊन गेले. मग २०१६ पर्यंत खुर्ची रिकामी. त्यानंतर न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा आले. २०२० मध्ये निवृत्त होताना त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपण लोकसेवकांविरुद्ध २१ अहवाल दिले आणि एकावरही सरकारनं कारवाई केली नाही. कर्नाटक आणि केरळच्या लोकायुक्तांकडे खटला चालवण्याचे जे अधिकार आहेत ते इथं नाहीत, ही त्यांची तक्रार होती. एका माजी मुख्य न्यायाधीशाचे २१ अहवाल फाइलीत पडून राहतात, तिथं मीनाताईंच्या अर्जाला कोण विचारतो?

---

वास्कोची_सुमा

राजेशशी पूर्ण सहमत. +१

---

पर्वरीचे_काका

राजेश, तू सांगितलेलं खरंच आहे, मी नाकारत नाही. पण ते २१ अहवाल दिले गेले हे तुला आज माहीत आहे, कारण कोणीतरी ते लिहिले. अहवाल लिहिणं आणि त्यावर कारवाई होणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर कमी करायचं काम विधानसभेचं आणि आपलं आहे. अहवालच नसता तर आज बोलायला काय उरलं असतं?

---

कुडचडेकर

या धाग्यावर खाणींचा विषय निघाला नाही तर आश्चर्यच! गोव्यातली वाहतुकीतली सगळ्यात मोठी गडबड बसमध्ये झाली नाही, ट्रकांत झाली.

आम्ही तिळामळ–कुडचडे रस्त्यावर राहणारे. २०१२ च्या आधीची ती वर्षं ज्यांनी बघितली नाहीत त्यांना सांगून पटणार नाही. ट्रकांची रांग रस्ताभर. घरातली भांडी तांबडी, दोरीवर वाळत घातलेली चादर तांबडी. शाळेत मूल सोडायला गेलेल्या आईचा जीव टांगणीला. ट्रकाला जितका माल न्यायची परवानगी त्याहून जास्त भरलेला, हौद्याच्या वरपर्यंत. एका पासावर एकाहून जास्त फेऱ्या होतात असं नाक्यावर उघड बोललं जायचं. वजनकाटा होता, ट्रिप शीट होती, खाण खातं होतं, वाहतूक खातं होतं, बंदरावर पुन्हा मोजणी होती. प्रत्येक ठिकाणी कागद. तरी ते चाललं, कारण खाण खात्याकडचा आकडा, ट्रकाचा आकडा, बार्जचा आकडा आणि निर्यातीचा आकडा कोणी एकमेकांशेजारी ठेवून बघतच नव्हतं.

ते बघितलं न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगानं. सप्टेंबर २०१२ मध्ये अहवाल संसदेत आला, नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटींचा. त्या आकड्यावर पुढे वाद झाला, तो बाजूला ठेवू. त्याच महिन्यात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली. त्याआधी २०११ मध्ये मनोहर पर्रीकर विरोधी पक्षात असताना लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीनंही बेकायदा खाणींवर अहवाल तयार केला होता. म्हणजे राजेश, काकांनी सांगितलेली यंत्रणा जागी झाली की काय होतं ते आपण बघितलं आहे.

आणि त्याची किंमतही बघितली. आमच्याकडे ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांची घरं बसली. चोरी वरच्यांनी केली, हप्ते ट्रकवाल्याच्या माथी राहिले. वेळच्या वेळी तपासणी झाली असती तर सगळं बंद करायची पाळी आली नसती. मला या विषयात राग येतो तो एवढ्याचसाठी.

---

डिचोलीचो_बाबू

कुडचडेकर, आमच्या पिळगाव-मयेच्या बाजूलाही हेच. धूळ खाल्लेली माणसं आम्ही. आता निदान जादा भाराचा दंड तरी जबर आहे, सुधारित मोटार वाहन कायद्यात वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण दंड लावणारा रस्त्यावर दिसला पाहिजे ना!

---

बार्देशचा_बसवाला

धागा वाचून मनाला लागलं म्हणून लिहितो. माझी एक बस आहे, वडिलांच्या काळापासून हा धंदा.

बसवाला म्हणजे चोर असं धरूनच सगळे बोलतात. आमची बाजूही ऐका. किलोमीटरच्या करारात गाडी आमची, ड्रायव्हर आमचा, डिझेल आमचं. फेरी चुकली की कापणी. टायर फुटला, कापणी. वाटेत जत्रेमुळे रस्ता बंद, वळसा घालून गेलो, तरी कागदावर मार्ग बदलला म्हणून प्रश्न. जीपीएस यंत्र डोंगरात रेंज पकडत नाही तेव्हा झालेली फेरीही 'झाली नाही' दिसते. बिल उशिरा आलं तर बँकेचा हप्ता थांबतो का? तपासणी करा, माझी ना नाही. पण दोन्ही बाजूंनी करा. न झालेल्या फेरीचे पैसे घेणं हा जसा गुन्हा, तसे झालेल्या फेरीचे पैसे अडवून ठेवणं हाही अन्यायच.

---

सत्तरीची_मीना

बसवालेदादा, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. माझा राग बसवाल्यांवर नाही. फेरी का आली नाही हे कोणीच सांगत नाही, त्यावर आहे. गाडी बिघडली असेल तर तसं कळवा, आम्ही दुसरी सोय बघू.

---

नेत्रावळीचा_पाहुणा

डोंगरातल्या रेंजबद्दल. मी वाहनांत बसवायच्या यंत्रांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

१ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचं लोकेशन ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. ते यंत्र उपग्रहावरून जागा घेतं, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती माहिती सर्व्हरला पाठवायला. रेंज गेली की यंत्र नोंदी स्वतःच्या मेमरीत साठवतं आणि रेंज आली की मागच्या सगळ्या नोंदी वेळेसकट पाठवतं. त्यामुळे नेत्रावळीला किंवा खोतीगावला नेटवर्क गेलं म्हणून फेरी कायमची गायब होत नाही. मात्र अहवाल लगेच रात्री काढला तर ती फेरी अर्धवट दिसू शकते, दोन-तीन दिवसांनी काढला तर पूर्ण दिसते. बसवालेदादा, तुमची कापणी कुठल्या तारखेला काढलेल्या अहवालावर झाली ते विचारा. बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

आणि उलट बाजू: यंत्राची वायर काढली तर मुख्य बॅटरी तुटल्याचा इशारा सर्व्हरवर नोंदला जातो. म्हणजे लबाडी झाली तरी तिची खूण राहते, फक्त ती खूण कोणीतरी वाचायला हवी.

---

बार्देशचा_बसवाला

हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. देव बरें करूं, पाहुण्या!

---

काणकोणकार

आमच्या खाजगी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते तेव्हाही कंडक्टर ओरडतो, "मधें रिती आसा, फुडें वच!" त्याला ऑडिट पार्टीत घ्या. रिकाम्या जागा त्याच्याइतक्या कोणालाच सापडत नाहीत 😀

---

वास्कोची_सुमा

काणकोणकार 😂 हसून हसून पुरेवाट. पण तिकिटाचं मात्र कोणी बोललं नाही. खाजगी बसमध्ये किती ठिकाणी तिकीट देतात? पैसे घेतात, तिकीट मागितलं की तोंडाकडे बघतात. तिकीट नाही म्हणजे किती लोक चढले याचा हिशेब नाही. अनुदान द्यायचं तर ते कुठल्या आकड्यावर?

---

आल्तिनोवरून

थोडं विषयांतर. भाड्यानं गाड्या देण्याच्या प्रकाराकडेही बघा. नियमानं भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं हवीत, परवाना हवा. केंद्राच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत तर किमान ५० गाड्यांची अट आहे. आणि किनाऱ्यावर किती खाजगी नंबरच्या गाड्या भाड्यानं फिरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, कारण खाजगी विम्याची गाडी धंद्यासाठी वापरलेली. कर बुडाला तो वेगळा. परवान्याशिवाय धंदा केल्यास कलम १९२अ खाली पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड आहे आणि कैदही होऊ शकते.

पीयूसीचंही तसंच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका. उद्देश चांगला होता, ती अट न्यायालयानंच २०२४ मध्ये काढली. पण गाडी न नेता नुसता नंबर सांगून दाखला मिळत असेल तर हवा काय शुद्ध होणार?

---

म्हापशेकर

आल्तिनो, गरीब पोरं घरातली एक गाडी भाड्यानं देऊन चार पैसे कमावतात. त्यांच्यामागे लागण्यापेक्षा मोठे मासे पकडा.

---

आल्तिनोवरून

म्हापशेकर, एक गाडीवाल्यासाठी कायद्यात सोपी वाट करा, मी तुमच्याबरोबर उभा राहीन. पण पर्यटकानं त्या गाडीनं आपल्या गावच्या माणसाला उडवलं तर भरपाईसाठी त्या कुटुंबानं कुठं जायचं? मी असं एक कुटुंब जवळून बघितलं आहे. तेव्हापासून मला हा प्रकार लहान वाटत नाही.

---

शिरोड्याची_लता

मला भीती वाटते ती वेगळीच. आतली माहिती असणारी माणसं असतात: कारकून, डेपोतला मेकॅनिक, डेटा एंट्रीवाली मुलगी. त्यांना दिसतं. पण बोलायचं कसं?

सत्येंद्र दुबेंचं नाव नव्या पिढीला माहीत नसेल. आयआयटी कानपूरचे अभियंते, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होते. त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून रस्त्याच्या कामातली लूट कळवली आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव बाहेर पडलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गया इथं त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर देशभर संताप उसळला आणि २००४ मध्ये केंद्रानं ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचं आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, पण तो लागू मात्र झाला नाही.

हे वाचलं की पोटात कालवतं. गोवा लहान आहे. इथं निनावी काही राहत नाही, तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. साहेबाची सून आपल्या मावसबहिणीची जाऊ निघते. त्यामुळे लोकांना 'तक्रार करा' एवढंच सांगून चालत नाही.

---

फोंड्याचो_राजेश

लताताई, म्हणूनच तर मी चिडतो. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. सरकारी अधिकाऱ्यानं कामकाजात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी वरच्यांची परवानगी. लाच घेताना रंगेहाथ पकडला तर परवानगी लागत नाही. पण खोट्या किलोमीटरचं बिल रंगेहाथ कसं पकडणार? ते कागदातच असतं.

---

पर्वरीचे_काका

राजेश, हा तुझा मुद्दा बिनतोड आहे. आणि म्हणूनच मी म्हणतो की अशा प्रकरणात सुरुवात कागदापासून करा, माणसापासून नको. 'अमका चोर आहे' असा अर्ज केलात तर परवानगी, बदनामी, राजकारण सगळं आडवं येतं. 'या महिन्यात या मार्गावर किती फेऱ्यांचे पैसे दिले' असं विचारलंत तर उत्तर द्यावंच लागतं. लताताईंच्या भीतीवरही तोच उपाय. आतल्या माणसानं पुढं यायची गरज राहत नाही, बाहेरचा नागरिक तोच कागद हक्कानं मागतो.

२०२३ चा द्वारका एक्स्प्रेसवेचा अहवाल आठवा. केंद्राच्या मंत्रिमंडळ समितीनं किलोमीटरला १८.२० कोटी मंजूर केले होते आणि महामार्ग प्राधिकरणानं मंजूर केलेला खर्च किलोमीटरला २५०.७७ कोटींवर गेला, हे कॅगनं छापलं. मंत्रालयानं त्यावर आपला खुलासा दिला, उन्नत मार्ग आणि बोगद्यांचा खर्च वगैरे. कोणाचं बरोबर यावर वाद होऊ दे. पण देशभर वाद झाला तो दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले म्हणून. कुडचडेकरांनी खाणींबद्दल तेच सांगितलं आहे.

---

रायबंदरकार

मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तेव्हा मी शाळेत होतो. १९७० मध्ये सुरू झालेला पूल, सोळा वर्षांत पाण्यात. पुन्हा सगळे फेरीबोटीवर. माझे वडील म्हणायचे, पूल एका दिवसात पडत नाही, कोणीतरी तपासायचं थांबवलेलं असतं. बसच्या फेरीपासून पुलापर्यंत हे सगळं एकच आहे असं मला वाटतं.

---

काणकोणकार

आता मस्करी बाजूला. मीनाताईंनी दार कुठलं विचारलं होतं. कोणी थेट सांगेल का?

---

केप्याची_वकीलबाय

मी सांगते. गोव्यात आपल्या हाती तीन चांगली साधनं आहेत, आणि तिन्हीला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

माहिती अधिकार. केंद्राचा कायदा २००५ चा, पण गोव्यानं स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, हे आपण अभिमानानं सांगावं. महामंडळ सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्याला उत्तर द्यावं लागतं. मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठाकडे, दुसरं ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, परत करायचा नसतो. लोक एक गोष्ट वापरतच नाहीत: कलम २(ञ) खाली कागदपत्रं प्रत्यक्ष जाऊन पाहता येतात. नुसत्या प्रती मागितल्या की हवे तेवढेच कागद येतात. समोर बसून रजिस्टर उघडलं की काय नाही तेही दिसतं.

'करार गोपनीय आहे' असं उत्तर येईल, कलम ८(१)(घ) दाखवतील. घाबरू नका. सरकारी पैसा दिला जातो आहे, व्यापक जनहित आहे, असं अपिलात लिहा.

दुसरं साधन आमदार. आपल्या विधानसभेत चाळीस आमदार आहेत आणि गोव्यात आमदाराला गाठणं अवघड नाही, लग्नात नाहीतर जत्रेत भेटतोच. त्याला म्हणावं, एलएक्यू (विधानसभेतला लेखी प्रश्न) घाल. तारांकित प्रश्न आला की खात्याला तक्ते जोडून उत्तर द्यावं लागतं आणि ते सभागृहाच्या पटलावर राहतं. सत्ताधारी घालणार नसेल तर विरोधकाला द्या. प्रश्न कोणत्याही मतदारसंघाबद्दल विचारता येतो.

तिसरं, पर्वरीला कॅगच्या हाताखालचं महालेखापालांचं कार्यालय आहे. साधं पत्र पाठवा. ते प्रत्येक तक्रार तपासणार नाहीत, पण पुढच्या वर्षी कुठला विषय घ्यायचा हे ठरवताना अशी पत्रं उपयोगी पडतात. काकांनी नमुन्याचं सांगितलं ना, तुमचा मार्ग त्या नमुन्यात यावा म्हणून हे पत्र.

ग्रामसभेत ठराव घेतलात आणि त्याची प्रत तिन्ही ठिकाणी जोडली तर वजन वाढतं. लताताई, तुमच्या काळजीवर हाही उपाय आहे. ठराव गावाचा असतो, एकट्या मीनाताईंचा नाही.

---

शिरोड्याची_लता

वकीलबाय, हे फार बरं सुचवलंत. गावाच्या नावानं अर्ज गेला की मन निश्चिंत राहतं.

---

सत्तरीची_मीना

सगळ्यांचे मनापासून आभार. येत्या ग्रामसभेत विषय घेते. पंचांशी बोलले, दोघं तयार आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जात असं मागायचं ठरवलं आहे, बघून सांगा:

आमच्या मार्गाचं मंजूर वेळापत्रक. मागच्या तीन महिन्यांत दिवसवार झालेल्या फेऱ्या आणि किलोमीटर. त्याच काळाचा जीपीएस अहवाल, तो कुठल्या तारखेला काढला त्यासकट. न झालेल्या फेऱ्यांच्या कापणीचं रजिस्टर. त्या तीन महिन्यांत चुकत्या केलेल्या बिलांची रक्कम. आणि ही सगळी कागदपत्रं प्रत्यक्ष पाहण्यासाठी वेळ.

बसवालेदादा, तुम्ही म्हणालात म्हणून आणखी एक ओळ घातली आहे: बिल सादर झाल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख.

---

बार्देशचा_बसवाला

ही ओळ घातलीत, मन भरून आलं. माझ्या मार्गासाठी असाच अर्ज मीही घालतो. दोन तालुक्यांचे कागद हातात आले तर तुलना होईल.

---

फोंड्याचो_राजेश

मी अजून साशंक आहे, पण अर्ज चांगला झाला आहे. फोंडा–शिरोडा मार्गाचा मी घालतो. पहिलं अपील करायची वेळ आली तर मसुदा मी लिहून देईन, त्यात माझा हात बसलेला आहे.

---

पर्वरीचे_काका

मीनाताई, तिकीट मशीनचा दिवसवार सारांशही मागा. जीपीएस सांगतं गाडी धावली, मशीन सांगतं माणसं बसली. शेवटच्या फेरीचे किलोमीटर भरले आहेत आणि तिकीट एकही नाही, असे दिवस लागोपाठ आले तर तिथंच बोट ठेवता येईल. तिकीट कमी असणं म्हणजे लबाडी नव्हे, पण तिठ्यावर माणसं उभी असताना शून्य तिकीट म्हणजे खुलासा मागायलाच हवा.

---

केप्याची_वकीलबाय

काकांची ओळ नक्की घाला. 'प्रमाणित प्रती' असं स्पष्ट लिहा, नाहीतर साध्या झेरॉक्स देतील आणि पुढे त्या कुठंच चालणार नाहीत. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या. आणि कागद मिळाल्यावर या धाग्यावर टाकाल तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरांची नावं आणि फोन नंबर झाकूनच टाका.